विसर पडण्याआधीची साडेचार वर्षं

माझी आजी, आईची आई, सोलापूरची. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे जन्माची भाषा कानडी. सासर मराठी. पलीकडच्या गल्लीत पद्मशाली विणकरांची घरं होती, तिथून तेलुगू आली. बाजारात, टांगेवाल्याशी, बांगड्या भरणाऱ्या बाईशी दखनी, म्हणजे इकडची बोली उर्दू. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नाही. कागदावर ती अंगठा उठवायची. पण सकाळी नळावर हंडा भरेपर्यंत तिच्या तोंडून पाणी, नीरु, नीळ्ळु आणि पानी असे चारही शब्द जाऊन यायचे, समोर कोण उभं आहे ते बघून.

ऐंशीच्या उंबरठ्यावर ती विसरायला लागली. मामानं तिला पुण्याला नेलं आणि एका दवाखान्यात तिची तपासणी झाली. मी बरोबर होते. तपासणारी मुलगी शांत स्वभावाची होती, तिनं घाई केली नाही. तिनं विचारलं, आज तारीख काय? आपण कितव्या मजल्यावर आहोत? शंभरातून सात वजा करा, त्यातून परत सात. मग कागद-पेन पुढे सरकवून म्हणाली, आजी, एक वाक्य लिहा. आजीनं आयुष्यभर तारीख वापरली नव्हती, तिथी वापरली होती. "परवा एकादशी झाली की," ती म्हणाली. त्या उत्तराला गुण नव्हता. कागदावर शिक्षणाच्या रकान्यात शून्य लिहिलं गेलं. भाषांसाठी त्यावर रकानाच नव्हता.

त्या रकान्याची आठवण माझ्या मनातून जात नाही, आणि तिचं कारण हैदराबादेत आहे.

२०१३च्या नोव्हेंबरात 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधला, म्हणजे निम्समधला, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या स्मृतीविकारांच्या दवाखान्यात आलेल्या डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. एडिंबरा विद्यापीठातले थॉमस बाक त्यांच्या सोबत होते. या रुग्णांपैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची पहिली लक्षणं सरासरी ६१.१ वर्षांच्या वयात दिसली होती, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये ६५.६ वर्षांच्या वयात. फरक साडेचार वर्षांचा.

असा फरक याआधीही सापडला होता. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या एलन बियालिस्टॉक यांनी २००७ साली १८४ रुग्णांचा अभ्यास केला, त्यातही चार वर्षांच्या आसपासचं अंतर होतं. पण टोरांटोत एक अडचण होती. तिथले दोन भाषा बोलणारे बहुतेक बाहेरच्या देशांतून आलेले होते. घरदार सोडून दुसऱ्या देशात जाऊन उभा राहणारा माणूस मुळातच जरा काटक, जरा धीट असू शकतो. मग श्रेय भाषेला द्यायचं की त्या काटकपणाला? हैदराबादेत हा प्रश्न बराचसा गळून पडतो. तिथं दोन-तीन भाषा बोलायला कुणाला देश सोडावा लागत नाही. तेलुगू, दखनी, हिंदी, इंग्रजी या एकाच रस्त्यावर भेटतात. मराठवाड्यातल्या वाचकाला हे सांगायला नको. १९५६पर्यंत तो मुलूख हैदराबाद राज्यात होता आणि १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवत होतं. घरी मराठी, शाळा-कचेरीत उर्दू आणि शेजारी तेलुगू किंवा कानडी असं आयुष्य काढलेली पिढी तिथल्या कितीतरी घरांना आठवत असेल.

या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र निरक्षर रुग्णांचा आहे. शिक्षणानं मेंदूला बळ मिळतं ही गोष्ट मान्य झालेली आहे, आणि दोन भाषा बोलणारा बहुधा शिकलेला असतो, म्हणून फायदा खरा शाळेचाच असावा अशी शंका घेता येते. हैदराबादच्या नोंदींत अजिबात न शिकलेले लोकही होते. त्यांच्यातही दोन भाषा बोलणाऱ्यांना लक्षणं उशिरा आली होती, सुमारे सहा वर्षांनी. म्हणजे शाळेनं ज्यांना काही दिलं नाही, त्यांना गल्लीनं, बाजारानं, सासरनं काहीतरी देऊन ठेवलं होतं. माझ्या आजीच्या कागदावरचं शून्य मी यानंतर पुन्हा पाहिलं तेव्हा मला ते चुकीचं वाटलं, आणि आजही वाटतं.

हे कसं घडत असावं? दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक बोलताना दुसरी झोपलेली नसते. दोन्ही जाग्या असतात. नळावर समोर पद्मशाली आक्का आली की 'पाणी' आणि 'नीरु' मागे सारून 'नीळ्ळु' पुढे आणायचं, आणि तेवढ्यात जाऊबाईनं हाक मारली की ते मागे घेऊन मराठीत उत्तर द्यायचं. ही निवड दिवसातून शेकडो वेळा होते. लक्ष एकीकडून काढून दुसरीकडे लावणारी मेंदूतली यंत्रणा त्यामुळे वापरात राहते, असं संशोधक मानतात. कोलंबिया विद्यापीठाचे याकोव स्टर्न यांनी अशा साठवलेल्या ताकदीची कल्पना पुष्कळ वर्षांपासून मांडलेली आहे. मला त्यासाठी आपल्याकडचा शब्द सुचतो तो पेव. धान्याचं पेव दुष्काळ टाळू शकत नाही. दुष्काळ पडल्यावर चूल आणखी काही महिने पेटती ठेवतं. टोरांटोमधल्याच २०१२च्या एका अभ्यासात सारख्याच अवस्थेतल्या रुग्णांचे सीटी स्कॅन ताडून पाहिले, तेव्हा दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूची झीज जास्त निघाली. आजार आत पुढे गेला होता, पण माणूस बाहेरून अजून सावरून होता.

इथवर वाचून कुणी उद्याच एखाद्या भाषेच्या वर्गात नाव घालायला निघेल. त्याला मी थांबवणार नाही, पण उरलेली अर्धी बाजू ऐकून जावं असं म्हणेन. ती लपवली तर मी आपल्या लाडक्या मुद्द्यासाठी वाचकाला फसवल्यासारखं होईल.

हैदराबाद आणि टोरांटो दोन्हीकडचे अभ्यास आजारी पडून दवाखान्यात आलेल्या लोकांवरचे आहेत. दवाखान्यात कोण येतो आणि केव्हा येतो, हे आजाराखेरीज इतर पुष्कळ गोष्टींवर ठरतं. घरचे कधी घाबरले, पैसे कधी जमले, म्हातारपणात असं व्हायचंच म्हणून किती दिवस सोडून दिलं. त्यापेक्षा भरवशाची रीत म्हणजे चांगल्या, धडधाकट लोकांना गाठून वर्षानुवर्षं त्यांच्या मागावर राहायचं. न्यूयॉर्कमध्ये उत्तर मॅनहॅटन भागात स्पॅनिश बोलणाऱ्या १,०६७ वृद्धांचा असा पाठपुरावा झाला, काहींचा तर २३ वर्षांपर्यंत. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. इंग्रजीही येणाऱ्यांना डिमेन्शिया कमी झाला असं त्यात दिसलं नाही. २०१७ साली नाहीद मुकादम आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हाही हीच फट दिसली: मागे वळून नोंदी पाहणाऱ्या अभ्यासांत फायदा दिसतो, पुढे पाठलाग करणाऱ्यांत तो विरून जातो.

मग माझं मत काय? मी हैदराबादच्या बाजूला झुकते, पण सही करून देण्याइतकी नाही. झुकण्याचं एक कारण मॅनहॅटनच्या मोजणीतच आहे. तिथं लोकांना विचारलं होतं की तुम्हाला इंग्रजी किती चांगलं येतं. हैदराबादेत भाषा 'येणे' म्हणजे काय याची कसोटी वेगळी होती. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांची व्याख्या घेऊन, रोजच्या व्यवहारात त्या त्या भाषेच्या माणसांशी बोलून आपलं काम भागवता येतं का, हे त्यांनी पाहिलं. येणं आणि वापरणं यांत अंतर आहे. ज्यांची इंग्रजी पन्नास वर्षांपूर्वी परीक्षेत चांगली होती आणि आज दिवसभरात एक वाक्यही लागत नाही, अशी माणसं आपण सगळेच ओळखतो. दुसरं कारण स्कॉटलंडमधलं. १९३६ साली जन्मलेल्या मुलांची बुद्धिमापन चाचणी तिथं १९४७ साली, अकराव्या वर्षी झाली होती. त्यातल्या ८५३ जणांना सत्तरीनंतर बाक यांच्या गटानं पुन्हा तपासलं. ज्यांना आणखी एखादी भाषा येत होती, त्यांची कामगिरी लहानपणच्या गुणांवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा चांगली निघाली, मोठेपणी भाषा शिकलेल्यांचीसुद्धा. 'हुशार लोकच भाषा शिकतात' या आक्षेपाला इतकं सरळ उत्तर दुसरीकडे माझ्या वाचनात नाही. अर्थात हा अभ्यास डिमेन्शियाचा नव्हता, म्हातारपणच्या बुद्धीचा होता, हेही सांगायला हवं.

आता हा विषय जिथे आपल्याकडे पेटतो तिथे येते. १६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, जूनमध्ये शब्द बदलले, आणि २९ जूनला दोन्ही शासननिर्णय मागे घेऊन नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा वादात मेंदूचा दाखला द्यायचा मोह कुणालाही होईल: जितक्या भाषा जास्त, तितका मेंदू बळकट, मग मुलांचं भलंच आहे. माझी कळकळीची विनंती आहे की म्हातारपणच्या आजाराचं संशोधन या कामाला जुंपू नये. हैदराबादच्या त्याच अभ्यासात दोनापेक्षा जास्त भाषांचा वेगळा फायदा दिसला नव्हता. आणि मुख्य म्हणजे त्या रुग्णांपैकी निरक्षरांना तरी कुणी वर्गात बसवून भाषा शिकवली नव्हती. भाषा त्यांच्या अंगात आली ती समोरच्या माणसाशी काम पडलं म्हणून. सहा वर्षांच्या मुलाला वेळापत्रकातल्या एका तासाला ज्या भाषेशी गाठ पडते आणि घंटा झाल्यावर जिच्यात बोलायला कुणी नसतं, ती भाषा पेवात धान्य कशी टाकणार? हिंदी असावी की नसावी यावर पुष्कळ बोलता येईल. मला स्वतःला ती आवडते आणि सक्ती आवडत नाही. पण तो वाद मुलांच्या शिक्षणाच्या कसोटीवर लढावा. सत्तर वर्षांनंतरच्या डिमेन्शियाची भीती त्यात आणू नये.

मोबाइलवरच्या भाषा-अ‍ॅपबद्दलही थोडक्यात हेच. शिकण्यात आनंद आहे, तो घ्यावा. मात्र त्यानं विस्मरण टळेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे पुरावा नाही.

डिमेन्शियाचा धोका कमी करण्याविषयी आज जगात सर्वांत वजनदार मानला जाणारा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा आहे. २०२४च्या आवृत्तीत त्यांनी चौदा कारणं मोजली आहेत आणि ती सगळी दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील, असं म्हटलं आहे. त्यात कमी शिक्षण आहे, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचं धूम्रपान, हवेचं प्रदूषण आहे, एकटेपणा आहे. एकभाषिक असणं त्या यादीत नाही. पण श्रवणदोष आहे, आणि त्याचा वाटा मोठ्या वाट्यांपैकी आहे, ७ टक्के. मी हे वाचताना थांबले. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाला ऐकू येईनासं झालं की आपण आवाज चढवतो, मग बोलणं कमी करतो, मग 'तिला काही सांगून उपयोग नाही' म्हणतो. चष्मा लगेच करतो, कानाचं यंत्र वर्षानुवर्षं पुढे ढकलतो. चार भाषा येणाऱ्या बाईच्या कानांत जर एकही भाषा पोहोचत नसेल, तर त्या चार भाषा तिच्या काय कामाच्या? आजीच्या बाबतीत आम्ही हीच चूक केली. यंत्र आणलं ते फार उशिरा, आणि मग तिला ते कानात सहन होईना.

भाषांचा खरा सार्वजनिक प्रश्न मला इथे दिसतो. देशभरातल्या वृद्धांच्या लासी-डॅड या पाहणीवरून २०२३ साली काढलेला अंदाज सांगतो की भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. म्हणजे ज्यांना शाळा मिळाली नाही, बहुतेक त्यांच्याच वाट्याला. आणि त्यांना तपासायची साधनं कोणती? शंभरातून सात वजा करा, वाक्य लिहा, हे प्रश्न ज्या चाचणीतून आले ती १९७५ साली अमेरिकेत, वाचता-लिहिता येणं गृहीत धरून तयार झाली. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये संशोधकांनी नव्वदच्या दशकात मोठ्या मेहनतीनं निरक्षर ग्रामीण माणसांसाठी तिची हिंदी आवृत्ती घडवली, प्रश्न बदलले, लोकांवर पारखून घेतले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, आयसीएमआरनं, भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा एक संच बांधला. त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यात नाही. २०११च्या जनगणनेत ८ कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली, देशातली तिसऱ्या क्रमांकाची भाषा. काही परदेशी चाचण्यांची मराठी भाषांतरं आहेत, दवाखान्यांत ती वापरलीही जातात. पण शब्द बदलून घेतलेली चाचणी आणि लातूर, गडचिरोली, सावंतवाडी इथल्या न शिकलेल्या बायकांशी बोलून, त्यांच्या तिथी-सणांवरून, त्यांच्या हिशेबाच्या रीतीवरून घडवलेली चाचणी, यांत फार अंतर आहे. मराठीच्या अभिमानासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येक संघटनेनं ही मागणी आपल्या यादीत घ्यावी असं मला मनापासून वाटतं. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या भाषेत म्हाताऱ्या माणसाला त्याचं मन नीट तपासून मिळावं, ही अपेक्षा फार मोठी नाही.

दुसरी गोष्ट सांभाळ करणाऱ्यांची. डिमेन्शियात पुष्कळदा नंतर शिकलेल्या भाषा आधी सैल होतात आणि बालपणीची टिकून राहते. शेवटच्या दीड वर्षात आजीची मराठी अशीच मागे सरली. ती कानडी बोलायला लागली, आणि आमच्या फ्लॅटमध्ये ती भाषा धडपणे कुणाला येत नव्हती. 'आजी काहीतरी बरळते' असं आम्ही म्हणू लागलो. ती बरळत नव्हती, बोलत होती. दिवसाच्या कामाला ज्या मावशी यायच्या त्या सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी कर्नाटकातल्या इंडी तालुक्याकडच्या एक बाई आल्या. पहिल्या दुपारी त्यांनी पलंगाशी बसून सहज विचारलं, "ऊटा आतेन?" जेवण झालं का. आजीनं मान वळवली आणि सकाळी काय खाल्लं, काय खारट होतं, कुणी नीट वाढलं नाही, हे सगळं सांगितलं. आम्ही दारात उभे होतो. त्यानंतर तिचं रात्रीचं ओरडणं बरंच कमी झालं. औषध तेच होतं.

हा एका घरातला अनुभव आहे, त्याला मी पुरावा म्हणणार नाही. पण वृद्धाश्रमात प्रवेश देताना, घरी काळजीवाहक पाठवताना, दवाखान्यात केसपेपर काढताना या माणसाच्या भाषा कोणत्या, हे विचारून लिहायला काय लागतं? मुंबईच्या एका इमारतीत मालवणी, कच्छी, कोकणी, तमिळ बोलणारे वृद्ध शेजारी शेजारी राहतात. पुण्यात नोकरीसाठी गेलेल्या मुलांमागे सोलापूर-बेळगावकडचे आईवडील येऊन राहिलेले असतात, अमेरिकेत नातवंडं सांभाळायला जाऊन तिथेच थकलेले मराठी आजी-आजोबा आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांची एखादी भाषा घर बदलताना मागे राहिली, याची नोंद कुठेच नाही. ज्या शेजारामुळे ती भाषा जिवंत होती, तो शेजार गेला. हैदराबादचे आकडे उद्या पूर्ण खरे ठरले, तर या तुटीची किंमत साडेचार वर्षांत मोजावी लागेल. खोटे ठरले, तरी एकटेपणा 'लॅन्सेट'च्या यादीत आहेच.

माझी आई आता एकाहत्तर वर्षांची आहे, तिची तब्येत चांगली आहे. तिच्या औषधांच्या फाइलमध्ये, रक्तगटाच्या खाली, मी मागच्या महिन्यात एक कागद लावला. तिला विचारून, तिच्यासमोर लिहिला. मराठी, सगळ्यासाठी. हिंदी, नोकरीत तीस वर्षं, अजून शेजारणीशी रोज. इंग्रजी, वाचायला. तेलुगूतून एक ते दहा आकडे, गल्लीतल्या आक्कांनी शिकवलेले. कानडी समजते, बोलताना अडखळते. एवढं झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, अजून एक लिही. झोपेत दचकले की मी आईला हाक मारते, ती 'अव्वा' म्हणून.